ब्लू टिक आली, म्हणजे निरोप पोचला?

सल्ला विचारणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं:

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. कायम आणि कंत्राटी धरून ६४ माणसं, आणि सगळी एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पत्र लिहिणाऱ्या बाई तिथं एचआर आणि अ‍ॅडमिन सांभाळतात. मागच्या मंगळवारी ग्राहक कंपनीकडून एका भागाचं बदललेलं ड्रॉइंग आलं. बोअरचं, म्हणजे आतल्या गोल भोकाचं, माप ०.२ मिलिमीटरने वाढलं होतं. सुपरवायझरने दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि पाचला तो घरी गेला. सेकंड शिफ्टला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर असलेल्या, २६ वर्षं नोकरी झालेल्या ऑपरेटरने जुन्याच मापाने १८० नग काढले. सगळे त्यांना मामा म्हणतात. दुसऱ्या दिवशी मालकांनी सुपरवायझरच्या फोनवरून मेसेज वाचलेल्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट घेतला. त्यात मामांचं नाव होतं. ‘सूचना वाचूनही दुर्लक्ष केलं’ असा मेमो काढा, असं त्यांनी सांगितलं. खाली सही बाईंची लागणार आहे.

याच आठवड्यात मालकांच्या हाती आणखी एक स्क्रीनशॉट आला, कामगारांच्या वेगळ्या ग्रुपचा. तिथं मालकांच्या भाषणाची नक्कल करून कुणीतरी ऑडिओ टाकला होता. त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण, हे त्यांना हवं आहे. बाईंना ते माहीत आहे, कारण त्या स्वतःही त्या ग्रुपवर आहेत. आता मालक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप बंद करा आणि पैसे भरून ऑफिसचं वेगळं अ‍ॅप घ्या. बाई विचारतात: मेमोवर सही करू का, नाव सांगू का, आणि अ‍ॅपने हे सगळं सुटेल का?

---

आधी मेमोचं बोलू, कारण त्याला तारीख आहे. बाकीचं दोन दिवस थांबू शकतं.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं एकमेकांपासून फार लांब पडली आहेत. पहिल्या पानावर तुम्ही लिहिता, मेसेज ४ वाजून ५२ मिनिटांनी गेला. दुसऱ्या पानाच्या शेवटी, कारखान्याच्या शिस्तीबद्दल सांगताना, लिहिता की गेल्या वर्षी एकाचं बोट थोडक्यात वाचल्यापासून शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथं, मोबाइल बंद आहे. शिफ्ट सुरू होताना फोन लॉकरमध्ये जातो आणि सुटताना परत मिळतो. सेकंड शिफ्ट ३ ते ११. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. मग पत्राला जोडलेला स्क्रीनशॉट बघा. यादीत मामांच्या नावाखाली बारीक अक्षरात वेळ आहे: रात्री ११ वाजून २६ मिनिटं. तोपर्यंत १८० नग क्रेटमध्ये पडून थंड झाले होते. मालकांनी नाव बघितलं, वेळ बघितली नाही. खरं सांगायचं तर तुम्हीही बघितली नाही, आणि तुमची चूक आहे असं मी म्हणणार नाही. निळी खूण दिसली की आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात निकाल तयार होतो.

तेव्हा या मजकुराच्या मेमोवर सही करू नका. कारण सरळ आहे: मेमोत लिहिलेली गोष्ट घडलेली नाही. मामांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. उद्या हा कागद कामगार न्यायालयात गेला, तर साहेबांनी पुरावा म्हणून जोडलेला स्क्रीनशॉटच त्यांच्या विरोधात बोलेल आणि खाली सही तुमची असेल. साहेबांना हे चारचौघांत सांगू नका. स्क्रीनशॉट मोठा करून छापून घ्या, वेळेवर पेनाने गोल करा, शेजारी फोनबंदीच्या नोटिशीची प्रत ठेवा आणि केबिनमध्ये एकट्याने जा.

साहेब कदाचित म्हणतील, ब्लू टिक कोर्टसुद्धा मानतं. त्यात तथ्य आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस बजावली गेली असं धरलं होतं, कारण निळ्या खुणांवरून ती पोचली आणि उघडली गेली हे दिसत होतं. पण ती व्यक्ती नोटीस घ्यायचं टाळत होती. तिथं प्रश्न नोटीस पोचली की नाही, एवढाच होता. तुमच्याकडे प्रश्न असा आहे की पोचली तेव्हा मशीन चालू होतं की बंद.

त्या फोटोबद्दलही बोललं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र सहसा आकाराने लहान होऊन जातं. लग्नाच्या फोटोला ते चालतं, ड्रॉइंगला चालत नाही. टॉलरन्सचे (मापात चालणाऱ्या फरकाचे) दशांश धूसर होतात, पॉइंटनंतरचा ३ आणि ८ सारखाच दिसतो. तुम्ही लिहिता की ४.५२ नंतर रात्रीपर्यंत ग्रुपवर आणखी ३१ मेसेज पडले आणि त्यातले बहुतेक साहेबांच्या मुलाच्या वाढदिवसाचे होते. म्हणजे मामांनी रात्री बसमध्ये फोन उघडला तेव्हा केक, फुगे, हात जोडलेले इमोजी, मध्ये कुठंतरी धूसर ड्रॉइंग आणि पुन्हा केक. त्या वेळी त्यांनी ते ‘वाचलं’ असं फोन म्हणतो. फोनला तेवढंच कळतं.

माझी एक जुनी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात मी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. दिवाळीच्या आठवड्यात पहिली शिफ्ट सातऐवजी सहाला सुरू होणार होती. मी नोटीस टाइप केली, साहेबांची सही घेतली, शनिवारी संध्याकाळी बोर्डावर लावली आणि सायकलला टांग मारली. बोर्ड होता सायकल स्टँडच्या मागे. सोमवारी चाळीसेक माणसं सातला गेटवर उभी. मी नियमाप्रमाणे अर्ध्या दिवसाचा खाडा लावायला निघालो. युनियनचे सेक्रेटरी आले, आवाजसुद्धा चढवला नाही, म्हणाले, “नोटीस लावलीत का सांगितलीत?” मी म्हटलं, लावली म्हणजे सांगितलीच. ते म्हणाले, “मग लावणाऱ्याला पगार द्या, सांगणाऱ्याचा कापा.” या वाक्याचा नेमका अर्थ मला आजही लागलेला नाही, पण खाडा मी लावला नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे आणि ते मी त्या दिवाळीत स्वतः बाळगून होतो: ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी ते बोर्डाबद्दल होतं, त्याआधी बहुधा दवंडीबद्दल असेल. सांगण्यात समोरच्याला “म्हणजे नेमकं काय?” असं विचारायची जागा असते. चौसष्ट माणसांच्या ग्रुपवर ती जागा नाही. २६ वर्षं नोकरी केलेला माणूस सगळ्या पोरांसमोर ‘फोटो नीट दिसत नाही, माप सांगा’ असं टाइप करणार नाही. तो अंगठा दाखवेल. तुमच्या ग्रुपवर बहुतेक उत्तरं अंगठ्याचीच आहेत, असं तुम्हीच लिहिलं आहे.

म्हणूनच तुमचा दुसरा ग्रुप आहे.

त्यावर येतो. साहेबांना त्या ग्रुपचं आश्चर्य वाटलं. मला तो नसता तर वाटलं असतं. जिथं अधिकृत ग्रुप असतो तिथं साहेब नसलेला एक असतोच. पूर्वी ही जागा चहाच्या टपरीला होती आणि टपरीवरच्या नकलेचा कुणी स्क्रीनशॉट काढत नव्हतं, एवढाच फरक. अ‍ॅडमिनचं नाव सांगू नका. कायद्याचं विचारत असाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत होता हे दाखवावं लागतं. ते फौजदारी प्रकरण होतं, कारखान्याच्या शिस्तीला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण अ‍ॅडमिन म्हणजे फार तर खोलीची किल्ली जवळ असलेला माणूस, हे साहेबांना पटवायला ते पुरेसं आहे.

आणि तुम्ही स्वतः? एचआरने त्या ग्रुपवर असू नये, असं मला वाटतं. तिथं वाईट चालतं म्हणून नाही. तुम्ही तिथं आहात तोवर साहेब तुम्हाला विचारत राहणार आणि कामगार तुमच्याकडे संशयाने बघत राहणार. अजून तरी तुम्हाला दोन्हीकडचं कळतंय. हळूहळू कुणीच काही सांगणार नाही. आज रात्री बाहेर पडा. २०२२ पासून ग्रुप सोडला की फक्त अ‍ॅडमिनला सूचना जाते, गाजावाजा होत नाही. त्या अ‍ॅडमिनला मात्र आधी तोंडाने सांगा. एकच अपवाद ठेवा. नक्कल साहेबांची असेल तर हसून सोडा. एखाद्या बाईबद्दल काही आलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, तुमच्याकडे ६४ आहेत. मेसेज कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या ग्रुपवर होता, ही सबब धरून बसू नका.

आता अ‍ॅप.

साहेबांना वाटतं, दुखणं व्हॉट्सअ‍ॅपचं आहे. मला वाटतं, दुखणं लॉकरमधल्या फोनचं आहे, आणि लॉकर बरोबर आहे. चालू मशीनसमोर फोन नकोच. मग महागातलं महाग अ‍ॅप घेतलं तरी मंगळवारी ४ वाजून ५२ मिनिटांनी तेही त्याच लॉकरमध्ये थरथरलं असतं. अशा अ‍ॅपच्या भरवशाचंही बघा. फेसबुकने कंपन्यांच्या अंतर्गत संवादासाठी ‘वर्कप्लेस’ नावाची सेवा २०१६ साली आणली होती, हुबेहूब फेसबुकसारखी, पण ऑफिसची. मे २०२४ मध्ये कंपनीने ती गुंडाळायचं जाहीर केलं. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथं फक्त जुनं वाचता येईल आणि ३१ मे २०२६ नंतर काहीच नाही, असं वेळापत्रक दिलं. ज्यांनी आठ-दहा वर्षांच्या सूचना आणि चर्चा तिथं ठेवल्या, त्यांच्यावर बोचकं बांधून घर बदलायची वेळ आली.

तरी ऑफिसच्या अ‍ॅपला मी सरसकट नाही म्हणणार नाही. तुमच्याकडे खरेदी, डिस्पॅच, क्वालिटी आणि अकाउंट्सची मिळून नऊ-दहा माणसं दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात. त्यांच्यासाठी स्लॅक, टीम्स किंवा झोहो क्लिक यांपैकी काहीही चालेल. फुकटातही सुरुवात होते. विषयवार चर्चा वेगळी राहते, जुनं शोधायला सोपं जातं, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद करता येतं. हा शेवटचा मुद्दा साहेबांना नक्की सांगा. ग्राहकाचं ड्रॉइंग आज ६४ खासगी फोनच्या गॅलरीत पडलेलं आहे. त्यातले कंत्राटी कामगार सहा महिन्यांनी शेजारच्या कारखान्यात जातील आणि ड्रॉइंग त्यांच्याबरोबर जाईल. ग्राहकाबरोबरच्या गुप्ततेच्या करारात काय लिहिलंय, ते एकदा काढून वाचा. मला वाटतं, मेमोपेक्षा त्या वाचनाने साहेबांचं लक्ष जास्त वेधलं जाईल.

शॉपसाठी मात्र अ‍ॅप नकोच. तिथं कागद हवा, आणि तोही नवा शोध नाही. तुमच्या गेटवर आयएसओचं प्रमाणपत्र लावलेलं असणार. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकातच आहे की काम चालतं तिथं योग्य कागदपत्र हाताशी असावं आणि त्यातल्या बदलांवर नियंत्रण असावं. म्हणजे नवी रिव्हिजन (बदललेलं ड्रॉइंग) आली की जुनं ड्रॉइंग मशीनवरून काढायचं, त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, नवं ‘कंट्रोल्ड कॉपी’चा (म्हणजे अधिकृत चालू प्रतीचा) शिक्का मारून तिथं लावायचं, आणि ऑपरेटरची सही घ्यायची. मंगळवारी मामांच्या मशीनवर जुनं ड्रॉइंग लटकत होतं. त्यांनी समोरचा कागद पाळला. मला विचाराल तर दुर्लक्ष कुणी केलं, या प्रश्नाचं उत्तर त्या खिळ्यावर आहे. सुपरवायझरला मेमो द्या, असंही मी म्हणत नाही. इतके दिवस सगळे असंच करत आले आणि चाललं, म्हणून त्यानेही केलं. माप बदललं तर पहिला नग क्वालिटीने मोजून ‘ओके’ दिल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हा नियम त्या दिवशी कुठं गेला होता, तेवढं मात्र विचारा.

शिफ्ट बदलताना पाच मिनिटं उभं राहून बोलणं आणि हँडओव्हर रजिस्टर, हे दोन्ही तुमच्याकडे होतं आणि ग्रुप आल्यावर बंद पडलं, असं पत्रात ओझरतं आलंय. ते परत सुरू करा. पाच मिनिटं म्हणजे पाचच. सुपरवायझर जनरल शिफ्टचा असेल आणि बदल सव्वातीननंतर आला, तर तो स्वतः मशीनपर्यंत चालत जाईल. ऑफिसपासून तुमची लाइन चाळीस पावलांवर असेल.

मग ग्रुपचं काय? ठेवा. बस उशिरा येतेय, वीज गेलीय, कँटीनमध्ये आज फक्त खिचडी, पगार जमा झाला, कुणाच्या वडिलांना रक्त हवंय: यासाठी व्हॉट्सअ‍ॅपसारखं दुसरं साधन नाही, आणि ते सगळ्यांना येतं. पण दोन बदल करा. सूचनांचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असा ठेवा. शुभेच्छांसाठी वेगळा करा, तोही ऐच्छिक. वाढदिवसाला हात न जोडल्याबद्दल तुमच्याकडे एका मुलाला टोमणा बसला, हे वाचून मला गंमतही वाटली आणि थोडी लाजही. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘कम्युनिटी’च्या घोषणा-ग्रुपवर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात. आज तुमच्या पॅकिंगमधल्या अकरा बायकांचे नंबर ६४ जणांना उघडे आहेत. त्यांना हे कधी कुणी विचारलं होतं का?

चुकलेल्या कामाचा फोटो काढून, लाल गोल करून, ‘हे कोणाचं काम?’ असं ग्रुपवर टाकायची जी पद्धत पडली आहे, ती साहेबांनाच बंद करावी लागेल. पाणउतारा झालेला माणूस पुढची चूक लपवायला शिकतो, आणि कारखान्यात लपवलेली चूक ग्राहकाच्या दारात उघडी पडते.

रात्री साडेअकराला येणाऱ्या साहेबांच्या मेसेजबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत आणि पुढे ‘असो’ म्हटलंत. त्या ‘असो’मध्ये बरंच काही असावं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. तसा कायदा मात्र आपल्याकडे झालेला नाही. तोवर घरगुती तोडगा: साहेबांशी असं ठरवून घ्या की तातडीचं असेल तर ते फोन करतील, आणि फोन नाही आला तर मेसेजचं उत्तर सकाळी नऊनंतर. बहुतेक मालक रात्री लिहितात ते डोक्यातलं ओझं उतरवायला. उत्तर रात्रीच हवं असतं असं नाही. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. एकदा विचारून बघा.

(सरकारी नोकरीतले वाचक हेच वेगळ्या तऱ्हेने विचारतात, म्हणून जाता जाता: राज्य शासनाने २८ जुलै २०२५ च्या निर्णयात कार्यालयातल्या समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरायला मुभा दिली आहे, पण खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितलं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ‘माहिती आजच भरून द्या’ या मेसेजांबद्दल पाठवलेल्या पत्रांना पुढे कधीतरी स्वतंत्र उत्तर देईन. त्यांचं दुखणं वेगळं आहे.)

परत तुमच्याकडे. साहेबांचा राग तोट्याचा आहे, तो खोटा नाही. १८० नग भंगारात जाणार म्हणून ते मेमोवर अडून बसले आहेत. पण तुम्हीच लिहिलंय की नव्या ड्रॉइंगमध्ये बोअर वाढला आहे. मी इंजिनिअर नाही, तरी शॉपवर बरीच वर्षं उभा राहिलो आहे: भोक लहान राहिलं असेल तर धातू अजून जागेवर आहे, आणखी काढता येतो. मोठं पडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पुढची प्रक्रिया, म्हणजे हार्डनिंग किंवा प्लेटिंग, झाली नसेल आणि ग्राहकाने लेखी परवानगी दिली, तर बरेचसे नग पुन्हा मशीनवर लावून मापात आणता येतील. क्वालिटीवाल्यांना हे माहीत असणारच. मेमोच्या गडबडीत कदाचित कुणी बोललं नसेल.

उद्या साहेबांकडे जाण्याआधी सेकंड शिफ्टला शॉपवर जा, मामांना बाजूला घ्या आणि विचारा, या १८० पैकी किती वाचतील. मेसेज करू नका, त्यांचा फोन लॉकरमध्ये असेल.